हस्ते तानी

शमुवेल भंडारे चावी फिरवतात. कपाट उघडत नाही.
"पुराच्या पाण्यानं फुगलंय, ताई. दोन्ही हातांनी ओढा."
आत तीन वह्या:
बाप्तिस्मे, लग्नं, दफनं.
माणसाचं लिहून ठेवण्यासारखं एवढंच,
बाकी सगळं वहीबाहेर.

मी शोधतेय एक मॅक्रे.
आमच्यात येईतो तो माकरे झाला,
शाळेच्या दाखल्यावर मकरे,
आणि उद्यमनगरात वडिलांच्या लेथच्या पाटीवर
'माकरे आणि सन्स'. सन्स म्हणजे आम्ही दोघी बहिणी.
वडिलांचे घारे डोळे बघून गिऱ्हाइकं विचारायची,
"कोकणातले का ओ तुम्ही?"
वडील ग्रीसचा हात चिंधीला पुसत म्हणायचे,
"लई लांबच्या कोकणातले."

अठराशे एकोणसत्तर.
शाई गंजाच्या रंगाची, अक्षर एका अंगाला कललेलं,
लिहिणारा होडीत बसून लिहितोय जणू.
जॉन. डोनाल्ड मॅक्रे याचा मुलगा.
बापाचा धंदा: गवंडी, पुलाच्या कामावर.
मूळ गाव: इनव्हर
पुढचं कसरीनं खाल्लंय.

इनव्हरनेस? इनव्हरेरी? इनव्हरगॉर्डन?
त्यांच्या भाषेत इनव्हर म्हणजे नदीचं मुख,
आणि नद्या तिकडे पैशाला पासरी.
आमची पंचगंगा मुखापर्यंत जातच नाही,
वाडीला कृष्णेच्या हवाली नाव करून मोकळी होते.

आईच्या रकान्यात आडवी रेघ.
घाईची नाही. पट्टी धरून मारलेली.

पुढे एकाहत्तर ते शहात्तर पानंच नाहीत.
शिवणीत नुसता दोरा.

तिकडंही लिहिलं होतं मी, सात इनव्हरना.
एका दप्तरखान्यातल्या बाईंनी सविस्तर कळवलं:
नोंदीला पैसे पडत, म्हणून गरीब नोंदवत नसत.
एक पाळक नऊ वर्षं लिहायचंच विसरला.
एक वही मेणबत्तीवर पडली.
तरीही डोनाल्ड मॅक्रे आमच्याकडे एकोणीस आहेत,
आपल्याला कोणता हवा?
मंडईत उभी असल्यासारखी हसले मी,
मग बराच वेळ हसू आलं नाही.

"ही एक बघा," भंडारे म्हणतात, "ही चर्चची नव्हं.
खड्डा खणणाऱ्याची रोजकीर्द. मोडीत आहे."
ते रजिस्टर कचेरीत होते चौतीस वर्षं,
चष्मा कपाळावर सारून, वही नाकाला लावून वाचतात,
कुठं शब्द तुटतो ते मोडी सांगत नाही,
त्यांच्या श्वासावरून समजून घ्यायचं.

शके सतराशे शहाण्णव, मार्गशीर्ष.
खणाई साहेब गवंडी म्याकरी, आणे आठ.
पैकी जमा सहा,
हस्ते तानी, राहणार गंगावेस.
बाकी दोन.

"परत वाचा."
ते परत वाचतात. तेवढंच आहे.

तानी कोण, हे कीर्दीला काय ठाऊक.
स्वैपाकीण असेल, कपडे धुणारी असेल,
कुणी दिलेले पैसे पोचवायला आलेली असेल.
पण मग पुरे आठ नसते का आले?
सहाच आणे,
म्हणजे कुणाच्या तरी कनवटीचे सगळे.

पुढची पानं आम्ही बोटाला थुंकी लावून उलटली,
माघ, फाल्गुन, नवा शक.
दोन आणे फिटल्याचं कुठं लिहिलेलं नाही.
भंडारे म्हणाले, "व्याज काढू का?"
आणि खरंच पेन उघडलं.

बहिणीनं विचारलेलं, वंशावळीत काय लिहायचं.
त्या बाई म्हणतात, पुरावा म्हणून हे टिकणार नाही.
नाही टिकणार.
मी पेन्सिलीनं लिहिलं, खोडता येईल असं:
जॉनची आई, आणि पुढं दोन टिंबं,
आणि पुढं हस्ते तानी.

बाहेर आल्यावर फोन.
"सापडलं का गं गाव?"
"गंगावेस."
थोडा वेळ काहीच नाही, नुसता तिच्याकडचा मिक्सर.
मग म्हणाली,
"तिथं तर आपण दूध प्यायला जायचो की, पप्पांबरोबर."